गल्लीतली चर्चा कौन्सिलपर्यंत कशी न्यायची : लेस्टरमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात येऊन मला अठरा वर्षं झाली. आमच्या रस्त्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात चाळीसेक घरं आहेत. बरीचशी गुजराती, काही पंजाबी, सोमाली, पोलिश, दोन इंग्रज आजी-आजोबा आणि मराठी आम्ही एकटेच. कचरा, पार्किंग, चोऱ्या, बस, रोज काही ना काही चाललेलं असतं. नवीन आलेली मराठी मुलं-मुली मला विचारतात, "ताई, हे कुणाला सांगायचं असतं इथे?" त्यांच्यासाठी एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ग्रुपवर बोललं म्हणजे कळवलं असं होत नाही. दोन घरांच्या मधून जाणाऱ्या अरुंद बोळाला लेस्टरमध्ये 'जिटी' म्हणतात. आमच्या जिटीतला दिवा ऑक्टोबरात गेला. डिसेंबरपर्यंत ग्रुपवर त्याच्याबद्दल इतके मेसेज आले की मोजता येणार नाहीत, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कुणीतरी कळवलं असेल. मग एका संध्याकाळी शेजारच्या गुजराती मासी भाजीच्या पिशव्या घेऊन येताना तिथेच पडल्या आणि मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. त्या रात्री मी टॉर्च घेऊन खांबापाशी गेले. माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर खांबाचा क्रमांक असतो. शेवाळ पुसून तो वाचला, फोटो काढला आणि कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, वेबसाइटवर तक्रार नोंदवली. पाच मिनिटं लागली. दोन आठवड्यांत दिवा लागला. मासींचा हात बरा व्हायला त्याहून जास्त दिवस गेले.

तेव्हापासून आमच्या ग्रुपचा नियम आहे : जो पहिल्यांदा बघेल त्यानेच नोंद करायची आणि मिळालेला तक्रार क्रमांक ग्रुपवर टाकायचा. क्रमांक टाकला नाही तर तक्रार झाली नाही असं धरायचं. खड्डा असेल तर कोणत्या घरासमोर, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, ते लिहा. शेजारी एखादी वस्तू ठेवून फोटो काढा म्हणजे आकार कळतो, मात्र गाड्या थांबल्याशिवाय रस्त्यात उतरू नका. कुणी गादी किंवा फ्रिज टाकून गेलं असेल तर हात न लावता फोटो काढा. त्यात पत्ता असलेली कागदपत्रं असू शकतात आणि कौन्सिलच्या माणसांना ती उपयोगी पडतात.

आता काम कुणाचं ते. लेस्टर सिटी कौन्सिल १९९७ पासून एकहाती कारभार बघते, म्हणजे शहराच्या हद्दीत रस्ते, कचरा, ग्रंथालयं, बांधकाम परवानगी सगळं तिच्याकडे. पण हद्द कुठे संपते ते डोळ्यांना दिसत नाही. ओडबीला घर घेतलेल्या आपल्या लोकांची इथेच गल्लत होते. ओडबी शहरात मोडत नाही. तिथला कचरा ओडबी अँड विग्स्टन बरो कौन्सिलचा आणि रस्ते लेस्टरशायर काउंटी कौन्सिलचे. म्हणून कौन्सिल टॅक्सचं बिल कुणाच्या नावाने येतं ते आधी बघा. रस्त्यातून पाणी वाहत असेल तर ते सेव्हर्न ट्रेंट या पाणी कंपनीला कळवायचं. वीज गेली तर १०५ ला फोन. गॅसचा वास आला तर ०८०० १११ ९९९, आणि तो फोन घराबाहेर येऊन करायचा. पोलिसांसाठी तातडीला ९९९, बाकी १०१.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये शहराच्या पूर्व भागात हिंदू आणि मुसलमान तरुणांमध्ये जे झालं ते आम्ही जवळून पाहिलं. २८ ऑगस्टच्या भारत-पाकिस्तान सामन्यानंतर ठिणगी पडली आणि १७ सप्टेंबरला जमाव रस्त्यावर आले. मधल्या दिवसांत एका मुलीला पळवण्याचा प्रयत्न झाला अशी बातमी फोनाफोनी फिरत होती. पोलिसांनी चौकशी करून असं काही घडलंच नाही असं जाहीर केलं, पण तोवर ती हजारो लोकांपर्यंत गेली होती. मला तर आमच्या रस्त्याबद्दलचा एक मेसेज पुण्याहून आला. मावशी रडवेली होऊन विचारत होती, "तुमच्याकडे जाळपोळ चाललीय ना?" मी खिडकीतून बाहेर बघत होते. समोरचे सोमाली काका कुंपणाला रंग देत होते.

म्हणून ग्रुपवर बातमी टाकायची ती अशी : मी स्वतः पाहिलं का, कधी, कुठे. पाहिलं नसेल तर कुणी पाहिलं, त्याचं नाव. तेही नसेल तर टाकायची नाही. खात्री करायला लेस्टरशायर पोलिसांचं निवेदन, बीबीसी रेडिओ लेस्टर, लेस्टर मर्क्युरी बघा. बातमीखाली 'लोकल डेमोक्रसी रिपोर्टर' असं लिहिलेलं असेल तर ती जरूर वाचा. हे पत्रकार कौन्सिलच्या बैठकांना बसून लिहितात, त्यांचा पगार बीबीसीच्या पैशांतून होतो. आणि कुणाच्या धर्मावरून किंवा देशावरून ओळ सुरू होत असेल तर ॲडमिनने ती लगेच काढावी, तो आपलाच माणूस असला तरी. मी काढते. दोघं-तिघं रागावले, नंतर बोलायला लागले.

बांधकामाची गोष्ट जरा निवांत सांगते, कारण तिथे मुदत असते. खांबाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद, म्हणजे परवानगीच्या अर्जाची नोटीस, बांधलेला दिसला की थांबून वाचा. आमच्या रस्त्यावरचं एक घर सात जणांना खोल्या-खोल्यांनी भाड्याने द्यायचा अर्ज होता. हरकत घ्यायला साधारण २१ दिवस मिळतात. आम्ही पहिले दहा दिवस ग्रुपवर संताप करण्यात घालवले. घरांच्या किमती पडतील, कसली माणसं येतील कोण जाणे, असं सगळं. इंग्रज आजोबा पूर्वी अशा अर्जांची कामं बघत असत, त्यांनी समजावलं की यातलं एकही विचारात घेतलं जात नाही. घराची किंमत किंवा खिडकीतून दिसणारा देखावा हा मुद्दा नसतो. गाड्या, आवाज, कचऱ्याचे डबे ठेवायला जागा, शेजारच्या घरात उजेड अडणं, कुणाच्या खाजगी जागेत डोकावता येणं, हे मुद्दे असतात.

'कसली माणसं' हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. मी आले तेव्हा नारबरो रोडवर अशाच घरातल्या एका खोलीत राहत होते. स्वयंपाकघर सहा जणांत मिळून, फ्रिजमध्ये एक कप्पा माझा. ती माणसं म्हणजे मीच. हे मी ग्रुपवर लिहिलं, आणि त्यानंतर चर्चा माणसांवरून डब्यांवर आली.

मग मासी आणि मी आठवडाभर रोज रात्री दहा वाजता रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. गाडी लावायला किती जागा रिकाम्या आहेत ते वहीत लिहिलं. वार, वेळ, आकडा. सोमवारी तीन, मंगळवारी एक, शुक्रवारी शून्य. पुढच्या अंगणाची मापं घेतली, सात जणांचे डबे तिथे मावत नाहीत हे दाखवलं. एकच मजकूर वीस जणांनी पाठवण्यापेक्षा अशी नोंद असलेलं एक पत्र जड पडतं. अर्जाचा क्रमांक वर लिहा, आणि तुमचं नाव-पत्ता इतरांना दिसू शकतो हे लक्षात ठेवून भाषा वापरा. परवानगी मिळाली, पण डब्यांसाठी मागच्या अंगणात झाकलेली जागा करण्याची अट घालून. आज तिथे सात मुलं राहतात. त्यातली एक नाशिकची आहे, दिवाळीला फराळाला येते.

तक्रार करून बरेच दिवस झाले आणि हालचाल नसेल तर आपल्या वॉर्डाच्या कौन्सिलरला लिहा. शहरात २१ वॉर्ड आणि ५४ कौन्सिलर आहेत, आणि २०११ पासून महापौरही लोकांनी थेट निवडलेला असतो. ई-मेल छोटा असावा : काय, कुठे, केव्हापासून, तक्रार क्रमांक, तुमचा पोस्टकोड. पोस्टकोड नसेल तर तुम्ही त्यांच्या वॉर्डातले आहात हे त्यांना कळत नाही. त्यापुढे कौन्सिलची लेखी तक्रार प्रक्रिया, आणि ती पूर्ण झाल्यावरही समाधान झालं नाही तर ओम्बुड्समन, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. तिथे पैसे लागत नाहीत, पण साधारण वर्षभराच्या आत जावं लागतं. एखादी माहितीच हवी असेल तर २००० सालच्या माहिती कायद्याखाली लेखी मागा. कामाच्या वीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडच्या आरटीआयची सवय असलेल्यांना हे सोपं जाईल.

आणि मतदार यादीत नाव घाला. भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहत असाल तर कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तुम्हाला मत देता येतं, ब्रिटिश नागरिक होईपर्यंत थांबायची गरज नाही. मला हे चार वर्षं माहीत नव्हतं. २०२३ पासून मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, त्याला आपला भारतीय पासपोर्ट चालतो.

वॉर्डाची बैठक असते तिला एकदा तरी जा, एकट्याने जाऊ नका. मी मासींना घेऊन गेले होते. त्यांना इंग्रजीत उभं राहून बोलायची भीती वाटत होती. त्या गुजरातीत बोलल्या, मी शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगितलं. शाळेजवळच्या वळणावर गाड्या फार वेगाने येतात, त्यांच्या नातवाला दोनदा मागे ओढावं लागलं, एवढंच. कौन्सिलरने लिहून घेतलं आणि त्यांना विचारलं, किती वाजता? मासींनी माझ्याकडे न बघता स्वतःच उत्तर दिलं, "थ्री ट्वेंटी. एव्हरी डे."