उजेडाची फरशी करणाऱ्यांसाठी

उजेडाची फरशी म्हणजे पोटात एलईडी असलेली, पाय पडला की रंग बदलणारी नाचायची फरशी. मागच्या वर्षी गॅदरिंगच्या आदल्या रात्री आम्ही छत्तीसच्या छत्तीस फरश्यांवरचं ॲक्रिलिक (काचेसारखं प्लास्टिक) सिलिकॉनने चिकटवून टाकलं. कडा काय झकास दिसत होत्या! सकाळी साडेदहाला सात नंबरच्या फरशीतला एक एलईडी गेला आणि आठपासून छत्तीसपर्यंत सगळा अंधार. उघडायला गेलो तर उघडेना. पुट्टीची पत्ती, कटर, हॉस्टेलमधून आणलेला हेअर ड्रायर, सगळं करून झालं. शेवटी ॲक्रिलिकचा कोपराच तडकला. पाहुणे आले तेव्हा सहा फरश्या पायाखाली इमानदारीत रंग बदलत होत्या आणि मागून आवाज आला, "काय मालक, लाईट गेली का?" यंदा हा प्रकल्प जी पोरं घेतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

तर पहिली गोष्ट, कागदावर रेघ मारायच्या आधीची: फरशी उघडता आली पाहिजे. प्रत्येक. सुटी. एका माणसाला, एका मिनिटात.

कारण आतल्या एलईडीच्या पट्टीतच आहे. डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या पट्टीत प्रत्येक एलईडीच्या पोटात एक चिप असते. ती आपल्या वाट्याचा रंग ठेवून घेते आणि उरलेला निरोप पुढच्याला देते. मधला एक गप्प बसला की त्याच्या पुढच्या कुणालाच निरोप मिळत नाही. जोडलेली वायर जरा हलली, तरी हेच. आणि वायर हलणारच, कारण वर माणसं नाचणार आहेत.

आता नक्षी. सोलापुरात राहून निऑन ठिपके कशाला दाखवायचे? चादरीचा काठ घ्या. आमच्या गटातल्या एकाच्या घरी लूम, म्हणजे चादरी विणायचा माग आहे. त्याच्या वडिलांनी आम्हाला डिझाइनचा ग्राफ दाखवला, प्रत्येक चौकटीत रंग आहे किंवा नाही. जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षी उठवायचं यंत्र. त्याच्या कार्डात भोक असेल तर तो दोरा वर उचलला जातो, नसेल तर खालीच राहतो. १८०४ सालची ही युक्ती आणि आपला चालू-बंद यांत मला तरी फरक दिसला नाही. पण छत्तीस चौकटींत चादरीचं अख्खं फूल मावत नाही, हे आम्हाला दोन रात्री घालवून कळलं. काठाची पायऱ्या-पायऱ्यांची नक्षी मात्र मस्त मावते. पाय पडला की तिथून पायऱ्या पसरत जातात, एवढंच करा. सात प्रकारचे गेम घालू नका.

मापं. एक फूट बाय एक फूट फरशी, सहा बाय सहा. खाली अठरा मिमी प्लाय, त्यावर प्लायच्याच पट्ट्यांची चौकट, वर दहा मिमी दुधी ॲक्रिलिक. दोन फुटी फरशीचा मोह होईल, कारण सांधे कमी. नको. एवढ्या अंतरात ॲक्रिलिक वाकतं आणि नाचणाऱ्या पोराचं वजन काट्यावरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त पडतं. एलईडी आणि ॲक्रिलिक यांच्यात निदान दोन इंच मोकळी जागा सोडा, आतून पांढरा रंग मारा, नाहीतर उजेडाऐवजी ठिपके दिसतील. फरशीभोवती दीड-दोन मिमी फट हवी, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ॲक्रिलिक फुगतं. आणि तुमच्या लक्षात आलंच असेल, फट असली तर फरशी उचलताही येते. आम्ही ती फटच सिलिकॉनने भरली होती.

उचलायची कशी? वरून स्क्रू मारायचा विचार असेल तर सोडून द्या, भोकापाशी तडा जातो. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीकडे काच उचलायची रबरी वाटी असते, तीही चालत नाही, कारण घसरू नये म्हणून वरची बाजू आपण खरखरीत केलेली असते आणि खरखरीत भागाला वाटी धरत नाही. रिमोटमध्ये सेल काढायला फीत असते ना, तसं करा. ॲक्रिलिकखालून एक रुंद नायलॉनची फीत, टोक फटीत दुमडून ठेवायचं. ओढली की फरशी वर. फीत दहा रुपयांची आहे. आमचं तडकलेलं ॲक्रिलिक कितीला पडलं ते विचारू नका.

पॉवरचं गणित करून ठेवा, कुणीतरी विचारतंच. मीटरला तीस एलईडीची पट्टी, फरशीत आठ-आठचे दोन तुकडे, म्हणजे सोळा. छत्तीस गुणिले सोळा, ५७६. पूर्ण पांढऱ्यावर एकेक ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे साडेचौतीस अँपिअर, पाच व्होल्टला. साठ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घ्या. चाळीसच्याने काम निघेल, पण गरम होतो. एका टोकातून सगळ्यांना वीज द्याल तर शेवटच्या फरश्या पांढऱ्याऐवजी पिवळट-लाल दिसतील, म्हणून प्रत्येक रांगेला वेगळी जाड वायर आणि वेगळा फ्यूज. ग्राउंड (उणे बाजूची वायर) सगळ्यांचा एकच. अर्थिंग तपासा; यावर मी वाद घालणार नाही.

एलईडी चालवायला जो छोटा कंट्रोलर बोर्ड लागतो, त्यात अर्डुइनो उनो घेऊ नका. त्याची रॅम दोन केबी, ५७६ एलईडींना तीन-तीन बाइट लागतात, १७२८ तिथेच गेले. ईएसपी३२ घ्या. तो ३.३ व्होल्टवर बोलतो आणि पट्टीला पाच व्होल्टचं ऐकायची सवय, म्हणून मध्ये ७४एएचसीटी१२५ ही सिग्नल पाच व्होल्टला चढवणारी चिप टाका. नाही टाकलं तरी टेबलावर चालेल, आणि हॉलमध्ये लुकलुकेल.

पाय कळायला महागडे सेन्सर लागत नाहीत. फोमच्या तुकड्याला मधे भोकं पाडा, वरखाली ॲल्युमिनियम फॉइल टेप. दाबलं की फॉइल भोकातून भेटतं. सहा आडव्या वायरी, सहा उभ्या, बोर्डच्या बारा पिनांत छत्तीस स्विच. प्रत्येकाला १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारा) हवाच, नाहीतर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर तिघे उभे राहिले की चौथ्या, रिकाम्या कोपऱ्यावर भूत नाचतं. फोम दिवसभरात दबून बसतो. तो बदलायला फरशी काय करावी लागते? उघडावी लागते.

सामान: पट्टी, चिप, कनेक्टर एकदाच यादी करून पुण्याहून, तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणा. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जायचं, संध्याकाळी तिनेच परत. पट्टीचा एक रोल जास्त घ्या. तीन पिनांचे जेएसटी (हाताने जोडता-काढता येणारे) कनेक्टर शंभर जोड्या घ्या, तरी कमी पडतील. फरशी ते फरशी वायर थेट सोल्डर करू नका. प्रत्येक फरशीला आत येणारा आणि बाहेर जाणारा कनेक्टर, आणि वायर वीतभर सैल, म्हणजे आतला तुकडा उचलून बाहेर ठेवता येतो. नुसतं झाकण उघडून आत सगळं ताणलेलं असेल तर ते उघडणं कामाचं नाही.

दोन फरश्यांचं आतलं सामान जास्तीचं, सोल्डर करून, तपासून तयार ठेवा. आणि एक बायपास वायर: मेलेल्या फरशीतला डेटा आत आणि डेटा बाहेर थेट जोडून टाकायला. बायपास केलं की सोळा एलईडी गाळले जातात आणि पुढची नक्षी एक घर सरकते, म्हणून कोडमध्ये 'ही फरशी गाळ' असं सांगायची सोय आधीच करा. ऐन वेळी मोजत बसाल तर चुकाल. मी चुकलो होतो.

फरश्यांच्या पोटात मार्करने नंबर घाला. वायरिंग नागमोडी जाते, त्यामुळे दुसऱ्या रांगेत सात नंबर उजवीकडे येतो. आम्ही डावीकडची फोडायला निघालो होतो.

चार दिवस आधी पूर्ण जोडून दोन तास चालवा, वर वर्गातली जाडी-बारकी सगळी पोरं उड्या मारायला. त्यानंतर, मुद्दाम, कुणीतरी न सांगता एक कनेक्टर काढायचा आणि बाकीच्यांनी तो शोधून जोडायचा. पाच मिनिटांच्या वर वेळ लागला तर परत.

हॉल: खिडकीचं ऊन येतं का ते दुपारीच बघा. पडदे. चपला बाहेर. मोजेही बाहेर, घसरतात. झाडू, एक्स्टेंशन, फ्यूज, मल्टिमीटर. ॲक्रिलिकवरचा कागद शेवटच्या तासाला काढा.

सिलिकॉनची ट्यूब कुणी आणली असेल तर काढून घ्या. कडा खराब दिसतात म्हणून एकजण नक्की म्हणणार, "फक्त बाहेरच्या रांगेला लावू या ना." नाही. बाहेरच्या रांगेलाही नाही.