ज्येष्ठांचं ऐकणं दवाखान्यातच कसं तपासावं

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणूनच आजी-आजोबा सांगतात, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ समोर बसून मोठ्याने विचारलं की नीट उत्तरं मिळतात आणि दोष निसटतो. जागतिक आरोग्य संघटना पन्नाशीनंतर दर ५ वर्षांनी, तर पासष्टीनंतर दर १ ते ३ वर्षांनी तपासणी सुचवते.

सुरुवात प्रश्नांनी करा. चारचौघांत बोलणं कळतं का? टीव्ही मोठा लागतो का? हेच घरच्यांनाही विचारा. खरं उत्तर बहुधा त्यांच्याकडूनच मिळतं.

मग ऑटोस्कोपने (कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने) दोन्ही कान बघा. मळाने कान गच्च असेल तर पुढची चाचणी करण्यात अर्थ नाही. मळ मऊ करणारे थेंब ३ ते ५ दिवस घालून पुन्हा बोलवा. पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल तर मळ काढायला कानात पाणी मारू नका.

आता कुजबुज चाचणी. पंखा बंद, दार लोटलेलं. रुग्णाच्या मागे साधारण ६० सेंटिमीटरवर उभे राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. दुसऱ्या कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा बोटाने आत दाबून गोलगोल चोळायला सांगा. त्या खरखरीत तो कान झाकला जातो. श्वास पूर्ण सोडा आणि मगच कुजबुजा: ‘चार–क–सात’. छाती भरलेली असताना कुजबूज मोठी निघते. सर्वाधिक चुका इथेच होतात. ‘आलं का ऐकू?’ असं विचारू नका, ऐकलेलं म्हणून दाखवायला सांगा. तिन्ही बरोबर आले तर कान उत्तीर्ण. नाहीतर नवे तीन द्या. ६ पैकी ३ बरोबर असले तरी चालतं. दुसऱ्या कानाला वेगळा संच वापरा. अक्षरओळख नसेल तर नुसते आकडे घ्या.

अनुत्तीर्ण झाल्यास ऑडिओमेट्रीला, म्हणजे यंत्रावरच्या श्रवणचाचणीला पाठवा. चाचणी ठीक आली, पण घरच्यांची तक्रार कायम असेल, तरीही पाठवा. थेट श्रवणयंत्राच्या दुकानात मात्र नको.

ऐकणं अचानक, तीन दिवसांच्या आत गेलं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा. यावर उपचार म्हणून देतात त्या स्टेरॉइडचा उपयोग उशिराने कमी होत जातो. एकाच कानाचा बहिरेपणा, कान वाहणं किंवा चक्कर असेल तरीही तज्ज्ञाचीच गरज. चिठ्ठीत कोणता कान, कधीपासून, आणि स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकॅसिन या कानाला इजा करू शकणाऱ्या औषधांची इंजेक्शनं पूर्वी झाली आहेत का, हे जरूर लिहा.