युरोपात शाळकरी मुलांना नेताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात मोनालिसासमोर आमच्या लेकीने भोकाड पसरलं. वय नऊ, चौथीची परीक्षा नुकतीच संपलेली. गर्दीतून इंच इंच सरकत आम्ही त्या दालनात पोचलो आणि तिला दिसलं काय, तर मोठ्या माणसांच्या पाठी आणि वर धरलेले फोन. बाबाने उचलून घेतलं तेव्हा ती म्हणाली, "एवढुसंच?" बरोबरच होतं तिचं. चित्र आहे ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं. तेव्हा मला सुचलं नाही, पण तिला फक्त मागे वळवायला हवं होतं. समोरच्याच भिंतीवर वेरोनेझेने रंगवलेली लग्नाची पंगत आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद. वाढपी, वाजंत्री, कुत्री, एका कोपऱ्यात मांजर. "मांजर शोध" म्हटलं असतं तर दहा मिनिटं शांततेत गेली असती.

पण रडण्याचं खरं कारण मोनालिसा नव्हतंच. सकाळी आयफेल टॉवर, दुपारी सेन नदीतली बोट आणि मग लुव्र, असा आमचा 'भरगच्च' दिवस होता. पैसे एवढे खर्च केलेत तर सगळं बघून घेऊ, ही आपली जित्याची खोड. दहा दिवसांत सात देशांच्या सहली याच खोडीवर चालतात.

आता आमचा हिशेब असा: दिवसाला एकच मोठी गोष्ट, तीही सकाळी. दुपारनंतर बाग. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत अष्टकोनी तळं आहे, तिथे शिडाच्या लाकडी होड्या भाड्याने मिळतात. मूल होडी काठीने ढकलतं, वारा तिला पलीकडे नेतो, मूल तळ्याला वळसा घालून धावतं, पुन्हा ढकलतं. आम्ही बाकावर बसून पाय चोळत होतो. पॅरिसमध्ये काय बघितलंस असं कुणी विचारलं की लेक आधी ती होडी सांगते, आयफेल टॉवर नंतर.

मूल फुकट, पण तिकीट लागतंच

लुव्र, रोमचं कोलोसियम, ॲमस्टरडॅमचं रिक्सम्युझियम, सगळीकडे १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. हे वाचून आम्ही कोलोसियमची दोनच तिकिटं काढली. चूक आमचीच. मुलाचं शून्य युरोचं तिकीटसुद्धा त्याच वेळेच्या गटात काढावं लागतं. शिवाय तिथली तिकिटं नावावर असतात, त्यामुळे पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा. तिकीट काढताना मोठ्यांबरोबर मुलाचंही नाव टाकलंय ना, हे पैसे भरण्याआधी बघा. नंतर वेगळं काढायला गेलात तर तीच वेळ मिळेल याचा भरवसा नाही.

ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउसचं, म्हणजे नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ज्यू मुलीच्या घराचं, गणित वेगळंच आहे. तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात आणि दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची विक्री उघडते. विमानाचं तिकीट काढलंत की कॅलेंडरवर तो मंगळवार गोल करून ठेवा. मूल दहाच्या आतलं असेल तर मी घाई करणार नाही. खोल्या मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या आहेत, ॲनचे वडील ऑटो फ्रँक यांची तशी इच्छा होती. गोष्ट माहीत नसलेल्या मुलाला तिथे नुसत्या भिंती आणि खडे जिने दिसतात.

बंदचे वार आधी बघा. लुव्र मंगळवारी बंद, पॅरिसचंच ओर्से संग्रहालय सोमवारी, व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). आपल्या सुट्ट्या मे महिन्यात, आणि १ मे रोजी लुव्रही बंद असतं. ट्युलिपच्या नादात मेअखेरीला नेदरलँड्सला जाणाऱ्यांनी हेही ऐका: क्यूकेनहोफची बाग मेच्या मध्यालाच बंद होते. व्हॅटिकनला मुलीला बिनबाह्यांचा फ्रॉक घालू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात.

झोपेशी भांडू नका

उन्हाळ्यात पॅरिस-रोमचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. म्हणजे मूल पहाटे तीन-चारला टक्क जागं आणि संध्याकाळी सातला पेंगुळलेलं. पहिल्याच रात्री आयफेल टॉवरची चमचम दाखवायचा हट्ट आम्ही केला. मेअखेरीला तिथे सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमाराला, त्यानंतर अंधार, मग तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं दिवे लुकलुकतात. दिवे लागले तेव्हा लेक माझ्या मांडीवर गाढ झोपलेली होती. आमच्याकडे त्या पाच मिनिटांचा व्हिडिओ आहे, त्यात तिचे बूट दिसतात.

उलट करा. पहाटे जागं झालेलं मूल ही संधी आहे. रोमला आम्ही सहाच्या आत ट्रेव्ही कारंज्यापाशी होतो. मोजून दहा-बारा माणसं, रस्ता झाडणारी गाडी आणि पाण्याचा आवाज. दुपारी त्याच जागी मुंगीला शिरायला जागा नसते.

हापूस, तूप आणि पाचची भूक

मे महिना म्हटलं की नातेवाइकांसाठी हापूसची पेटी न्यायचा मोह होतो. आवरा. युरोपीय संघात बाहेरून ताजी फळं न्यायला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि डुरियनला. कढीपत्त्याचीही तीच गत. दुधाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, पनीर सगळं घरी ठेवा. तेलावरचे ठेपले, चिवडा, मेतकूट, दाण्याची चटणी, झटपट पोह्यांची पाकिटं यांच्यावर आमचे बारा दिवस झकास निघाले.

खरी अडचण वेळेची असते. फ्रान्स-इटलीत बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतं, ते सात-साडेसातला उघडतं. शाळेतून आल्यावर पाचला खायची सवय असलेलं मूल या फटीत नेमकं सापडतं. पाय दुखत असतात, पोट रिकामं असतं आणि समोर खुर्च्या उलट्या टाकलेलं हॉटेल. यावर साधा उपाय म्हणजे चारच्या आधी सुपरमार्केट गाठा. ताजा पाव, दही, केळी, चेरी घ्या आणि बागेत बसा. फ्रान्समध्ये हॉटेलात बसलात तर पाण्याची बाटली विकत घेऊ नका, "कराफ दो" म्हणा. नळाचं पाणी जगमधून फुकट येतं.

शाकाहारी असाल तर "व्हेज आहे का" एवढं विचारून भागत नाही. फ्रेंच कांद्याचं सूप बहुतेक वेळा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं. अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. मुलांच्या हातात पटकन येणाऱ्या रंगीत चघळगोळ्यांमध्ये जिलेटिन असतं. इटलीत अडलं तर पिझ्झा मारिनारा मागवा: टोमॅटो, लसूण, ऑरेगॅनो, चीज नाहीच.

शू आलीये

हे दोन शब्द संग्रहालयातून बाहेर पडल्यावर पाचव्या मिनिटाला येतात. त्यामुळे नियम असा की पैसे भरून जिथे शिराल तिथून 'आली नसली तरी' जाऊनच बाहेर पडायचं. स्टेशनांवर बहुधा पैसे पडतात, म्हणून सुटी नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा. पॅरिसच्या रस्त्यांवरची सार्वजनिक शौचालयं मात्र फुकट आहेत. तिथे एक गंमत लक्षात ठेवा. आधीचा माणूस बाहेर आला की आपण सभ्यपणे दार धरतो आणि मुलाला आत ढकलतो. तसं करू नका. दार मिटू द्या, आतली आपोआप होणारी धुलाई होऊ द्या, मगच बटण दाबा. नाहीतर मुलाचीही धुलाई होते. पाण्याची छोटी बाटली जवळ बाळगा, कारण तिथे कागदच असतो.

दार मिटलं तर

पॅरिसमध्ये शातले स्टेशनवर मी मेट्रोत चढले आणि मागे दार मिटलं. बाप-लेक फलाटावर. दोघांकडे फोन होते, काही बिघडलं नव्हतं, तरी पुढच्या स्टेशनपर्यंतचं ते एक मिनिट मी विसरणार नाही. ती एकटी आत असती तर?

त्या रात्री नियम ठरला. मूल गाडीत एकटं गेलं तर त्याने पुढच्याच स्टेशनवर उतरायचं आणि फलाटावर तिथेच उभं राहायचं. मूल फलाटावर राहिलं तर त्याने जागचं हलायचं नाही. शोधत फिरायचं ते आम्ही. हे तिच्याकडून घोकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या फलाटावर तालीमही केली. खिशात एक चिठ्ठी होती: आमचे दोन्ही नंबर आणि राहत्या जागेचा पत्ता. पाठीवरच्या सॅकवर नाव लिहू नका, अनोळखी माणूस नावाने हाक मारू शकतो. संकटात ११२ हा नंबर युरोपीय संघात सगळीकडे चालतो.

रस्ता ओलांडताना आपली मुलं सवयीने आधी उजवीकडे बघतात. लंडन सोडलं तर या शहरांत गाडी आधी डावीकडून येते. ॲमस्टरडॅमला तर गाडीपेक्षा सायकलची भीती जास्त. लालसर रंगाचा पट्टा दिसला की तो पदपथ नव्हे. तिथे फोटोला उभं राहिलात तर घंटी वाजेल, सायकल थांबेलच असं नाही.

कागद आणि ताप

मुलाला स्वतःचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो. सहा ते बाराच्या आतल्या वयासाठी फी मोठ्यांच्या निम्मी आहे, ९० ऐवजी ४५ युरो. आई किंवा बाबा एकटेच नेत असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्र हवं, आणि ते अर्जाच्या आदल्या रात्री करायचं काम नाही. लंडन जोडणार असाल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

तापाचं औषध, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या सामानात ठेवा. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखू येतं, पण रविवारी बहुतेक बंद असतात. व्हिसासाठी घेतलेला ३०,००० युरोंचा विमा आपण फाइलमध्ये घालून विसरतो. त्याचा मदत क्रमांक फोनमध्ये उतरवून घ्या, आधी तिथे विचारा आणि मग डॉक्टर गाठा.

रोममधली पिण्याच्या पाण्याची लोखंडी नळकांडी मात्र मुलाला नक्की दाखवा. रोमवाले त्यांना 'नाझोने', म्हणजे मोठं नाक, म्हणतात. पाणी सतत वाहतं आणि पिण्याजोगं असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून कमानीसारखी धार उडते. लेकीला हे एका आजोबांनी खुणेने दाखवलं. त्या नळापाशी आमची वीस मिनिटं गेली, तिचा फ्रॉक चिंब झाला आणि पँथिऑन या प्राचीन मंदिराची वेळ टळली. पँथिऑन दुसऱ्या दिवशी सकाळी बघितला, कोरड्या कपड्यांत.