वाडग्यासाठी ओंडका कापताना या चुका टाळा

लाकडी वाडगा कातायला लेथ (लाकूड गरगर फिरवणारं कातयंत्र) सुरू केला की सगळेच सावध होतात. त्याआधीच्या कापणीकडे मात्र सरावाचं काम म्हणून पाहिलं जातं. खरं तर तिथला धोका जास्त आहे, कारण ओंडका गोल असतो आणि गोल वस्तू जागेवर राहत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे गोल ओंडका नुसत्या हाताने धरून बँडसॉवर (पट्ट्यासारखं ब्लेड टेबलातून खाली धावणारी करवत) आडवा कापणं. ओंडका टेबलाला एका रेषेतच टेकलेला असतो. ब्लेडचे दात पहिल्यांदा लागतात ते त्याच्या पुढच्या फुगवट्याला, आणि त्या फुगवट्याखाली आधार नसतो. दात खाली ओढतात, ओंडका क्षणात पुढे गरकन फिरतो, ब्लेड पिळवटतं किंवा तुटतं. धरलेला हातही ब्लेडकडे खेचला जातो. कितीही ताकद लावली तरी हे हाताने थोपवता येत नाही. ओंडका लाकडी खाचेत बसवून स्क्रूने पक्का करा आणि खाचेसकट पुढे सरकवा. तशी सोय नसेल तर हा काप चेनसॉनेच (साखळीच्या हातकरवतीने) घ्या.

चेनसॉ वापरतानाही ओंडका जमिनीवर मोकळा ठेवू नका. दोन्ही बाजूंनी पाचरी मारा, खाली आडवं लाकूड द्या. चेन मातीला लागली की धार गेलीच. उभा चिरताना ओंडका आडवा ठेवून बार (चेन ज्यावर फिरते ती लांब पट्टी) लाकडाच्या रेषांच्या दिशेने धरला, तर काप लवकर होतो. पण तेव्हा लांब लांब धागे निघतात आणि स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) कव्हरखाली गच्च बसतात. ते काढायचे असतील तर आधी मशीन बंद करा, नुसता ब्रेक लावून भागत नाही. काप मिटायला लागला तर मागे लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोका, लोखंडी नको. बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागू देऊ नका, मशीन उसळून तोंडाकडे येतं. हेल्मेट, तोंडावर जाळी, कानाचं संरक्षण आणि पायांना चेनसॉची चॅप्स (पायांवरचं संरक्षक आवरण) यात तडजोड नको.

आडव्या कापात चपट्या ढलप्यांऐवजी पीठ पडतंय? चेन बोथट झाली आहे. जोर लावू नका, धार लावा.

ओंडक्याची लांबी व्यासाएवढी, वर टोकांच्या चिरांसाठी थोडी जास्त ठेवा. अर्धे करताना वाढीच्या वर्तुळांचा मध्य एका अर्ध्यात राहू देऊ नका. मधून दोन-तीन सेंटिमीटरची फळीच काढून टाका. तो भाग राहिला की वाळताना वाडग्याला तिथूनच तडा जातो. खिळे, तारा आधीच शोधा. लाकडावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड असण्याची शक्यता असते.

अर्धा ठोकळा बँडसॉवर गोल कापताना सपाट बाजू खाली, साल वर. उलट ठेवला तर तो डुलतो आणि ब्लेड त्याला पकडतं. वरचा गाइड (ब्लेडला सरळ धरणारा भाग) ठोकळ्याच्या सगळ्यात उंच भागाच्या अगदी जवळ आणा. ओल्या लाकडाला इंचाला तीन दातांचं ब्लेड बरं, कारण बारीक दातांत ओला भुसा अडकून ब्लेड तापतं आणि भरकटतं.

ठोकळा त्याच दिवशी कातणार नसाल तर कापलेल्या टोकांना लगेच मेण किंवा जाड रंग फासा. ओलावा सगळ्यात वेगाने तिथूनच निघतो, त्यामुळे चिराही तिथूनच सुरू होतात.