गुंतागुंतीच्या गाठींचे रेडिएशन नियोजन : या चुका टाळा

घसा, टाळू किंवा कवटीच्या तळाशी असलेल्या कर्करोगाच्या गाठीची रेडिएशन योजना फसली की दोष संगणकाला दिला जातो. प्रत्यक्षात चूक बहुधा त्याआधीच, सीटी सिम्युलेशनच्या, म्हणजे उपचाराच्या स्थितीत झोपवून काढायच्या नियोजनाच्या स्कॅनच्या, टेबलावर झालेली असते. खांदे ताणलेले आणि डोके हलू नये म्हणून बसवलेला मास्क हनुवटीपाशी सैल अशा स्थितीत काढलेल्या सीटीवर कितीही सुबक आयएमआरटी (किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करणारी) योजना आखली, तरी रुग्ण रोज त्याच स्थितीत झोपेल याचा भरवसा नसतो. म्हणून मास्क बसवण्याची घाई करू नये.

निदानाचा एमआरआय या सीटीवर जुळवतानाही फसगत होते. निदानाच्या वेळी मान एका कोनात असते, सिम्युलेशनच्या वेळी दुसऱ्या. त्यामुळे कवटी जुळली म्हणून घसाही जुळला असे मानू नये. जुळवणी गाठीच्या परिसरापुरती तपासावी आणि गाठीची कड रेडिऑलॉजिस्टसोबत बसून आखावी.

मेरुरज्जूचा डोस 45 ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशन डोसचे एकक) आत, कानाजवळच्या लाळग्रंथीचा सरासरी डोस 26 ग्रेच्या आत, असे आकडे दिसले की सही करण्याचा मोह होतो. परंतु डोसचा आलेख किती डोस पडला ते सांगतो, कुठे पडला ते सांगत नाही. जबड्याच्या हाडातला जादा डोसचा ठिपका स्लाइसमागून स्लाइस पाहिल्याशिवाय सापडत नाही. हे काम कंटाळवाणे आहे. ते टाळू नये.

मला सर्वांत जास्त खटकते ती चौथ्या आठवड्यातली बेफिकिरी. 35 बैठकांत 70 ग्रे, म्हणजे सात आठवडे. चौथ्या आठवड्यापर्यंत तोंड सोलवटलेले असते, रुग्ण पेजेवर आलेला असतो आणि मास्क व गालाच्या मध्ये सहज बोट जाते. गाठ आक्रसते, लाळग्रंथी आत सरकून जादा डोसच्या पट्ट्यात येतात. अशा वेळी फटीत कापूस भरून भागवू नये. नवा मास्क, नवी सीटी आणि गरजेनुसार नवी योजना करावी.

गोव्यात चवथीला उपचार खंडित होतात, ही वेगळीच अडचण. घरच्या गणपतीला जायचे नाही असे रुग्णाला सांगणे जड जाते, पण त्या खंडात गाठीच्या उरलेल्या पेशी वाढत राहतात. चुकलेली बैठक शेवटी जोडण्याऐवजी शक्यतो शनिवारी किंवा एखाद्या दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन बैठका घेऊन भरून काढावी, आणि ते वेळापत्रक चवथीच्या आधीच ठरवावे.

ओटीपोटाच्या गाठींत प्रश्न मूत्राशयाचा असतो; ते रोज सारखेच भरलेले हवे. काणकोणहून बसने बांबोळीच्या रुग्णालयात येणारी बाई वाटेत लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. पोहोचल्यावर तिला पाणी देऊन थांबवावे, मगच टेबलावर घ्यावे.