रद्दीतला मंगळ: जुन्या विज्ञानकथांचा खंड घरी कसा बांधावा

आधीच सांगून ठेवते, मी दिवाळी अंक फाडते. अख्खे अंक जपणाऱ्या संग्राहकांनी इथेच थांबलेलं बरं. माझा हिशोब साधा आहे. अडीचशे पानांच्या अंकात विज्ञानकथा एक, फार तर दोन. बाकी राशिभविष्य, साड्यांच्या जाहिराती, पतसंस्थांच्या शुभेच्छा. असे तीनशे अंक आमच्या दोन खोल्यांत ठेवायचे म्हटले तर माणसांना गॅलरीत झोपावं लागेल. म्हणून कथा ठेवायची, अंक सोडायचा. या हिशोबाने माझे सात खंड झाले, त्यांत एकशे बारा कथा आहेत, आणि सातही शिलाई मशीनच्या वरच्या एका फळीवर मावतात.

मी मिरजेत टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. रात्रपाळीत दोननंतर बोर्ड थंडावला की ड्रॉवरमधला अंक बाहेर यायचा. त्या काळच्या कथांत एक गंमत असायची. नायक मंगळावरच्या तळाशी पडद्यावर समोरासमोर बोलायचा, आणि बायकोला निरोप द्यायचा झाला की पोस्टात जाऊन तार करायचा. तार आपल्याकडे २०१३ च्या जुलैत बंद झाली. मंगळाचा तळ अजून व्हायचाय. पडद्यावरचं बोलणं मात्र घरोघरी आलं. तेव्हा लेखकांचं अर्धंच चुकलं.

रद्दीच्या दुकानात कधी जायचं

पितृपक्षात. त्या पंधरवड्यात लोक नवं काही घेत नाहीत, पण घटस्थापनेआधी घरं धुऊन काढायची म्हणून माळ्यावरचं सगळं खाली येतं. दुसरा मोसम मे महिना, बदल्यांचा. दिवाळीनंतर लगेच जाऊ नका. तेव्हा मिळतात ते गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक, आणि ते कुठल्याही वाचनालयात सापडतात. आपल्याला हवे आहेत सत्तर-ऐंशीच्या दशकातले.

दुकानदाराशी बोलणं स्वच्छ ठेवा. मी आमच्याकडच्या मामांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "मामा, तुम्ही ज्या भावाने घेता त्याच्या दुप्पट देते, पण गठ्ठा मी सोडणार आणि मीच पुन्हा बांधणार." सुतळी परत बांधून दिली की कुणी ना म्हणत नाही. आता तेच हाक मारतात, "काकू, तुमचे राक्षस आलेत." राक्षस म्हणजे मुखपृष्ठावरचा यंत्रमानव. पण मुखपृष्ठावर यंत्रमानव असलेला अंक दहा वर्षांत एखादा. बाकी सगळीकडे पणती घेतलेली बाई. तेव्हा अनुक्रमणिका उघडायचीच.

अनुक्रमणिकेत 'विज्ञानकथा' असा शब्द छापलेला असेलच असं नाही. 'अद्भुतकथा', 'कल्पनारम्य', 'वेगळी कथा' अशा लेबलांखाली पुष्कळ माल लपलेला असतो. लेखकाच्या नावावरही विसंबू नका. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा अनोळखी गृहस्थांना पहिलं बक्षीस मिळालं. ते निघाले जयंत विष्णु नारळीकर. आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती, इतकंच. तेव्हापासून अनोळखी नाव दिसलं की मी निदान पहिला परिच्छेद वाचते. त्यात प्रयोगशाळा, यान किंवा विसरभोळे प्रोफेसर आले, की अंक माझ्या पिशवीत.

मात्र एक गोष्ट दुकानातच तपासायची, उभ्याउभ्या: कथेचं शेवटचं पान. दिवाळी अंकांना खोड असते. कथा ऐन रंगात आली की 'पुढील मजकूर पान १८४ वर' असं लिहून जाहिराती सुरू होतात. आणि रद्दीतल्या अंकाची शेवटची पानं मुलांनी होडीसाठी नाहीतर आईने डब्यांच्या फळीवर अंथरायला आधीच काढलेली असतात. माझा यात हात पोळलाय, त्याबद्दल पुढे.

घरी आणल्यावर आधी फ्रीजर

जुन्या कागदात कसर असते. त्या चंदेरी अंगाच्या किड्याला खळ आणि कागद दोन्ही आवडतात. डांबराच्या गोळ्या मी सोडल्या, कारण वास वर्षभर जात नाही आणि वाचताना डोकं चढतं. कडुनिंबाचा ओला पाला पानांत ठेवायचा सल्ला तर कुणाचा ऐकूच नका, त्याने ओल येते आणि डाग पडतात.

मोठ्या ग्रंथालयांत कीड मारायला पुस्तकं गोठवतात. तेच घरी करता येतं. अंक आधी दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर उभे करून सुकवा. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे राहू द्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक अख्खा दिवस तशीच राहू द्यायची, नाहीतर गार कागदावर हवेतलं पाणी जमतं आणि सगळी मेहनत ओली होते. पहिल्या वेळी आमच्या ह्यांनी मटार समजून पिशवी काढली आणि १९८१ चा अंक ओट्यावर ठेवून पातेलं शोधत बसले.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या कागदाचं तंत्र निराळं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीत शिरली, त्यानंतर महिनाभर रद्दीत नुसता चिखल येत होता. साधा कागद हळूहळू वाळला तरी सुटतो. चकचकीत आर्ट पेपर मात्र ओल्यावरच पान पान वेगळं केलं तर वाचतो. एकदा चिकटून वाळला की तो पुठ्ठाच झाला, त्याच्याशी झटापट नको. आणि कितीही घाई असली तरी उन्हात ठेवू नका, कागद पिवळा आणि कुरकुरीत होतो.

कापायचं कसं

स्टेपलच्या गंजलेल्या पिना आधी काढा. नखाने नको, बोथट सुरीने मागचे पाय सरळ करून. मग पानं दुमडीतून मोकळी होतात. कण्याला डिंक लावलेला जाड अंक असेल तर कथेच्या आधीच्या पानाशी अंक पूर्ण उघडा आणि आतून, कण्याला जितकं लागून जाता येईल तितकं, पट्टी धरून कटरने कापा. आतला समास आपल्याला शिवायला लागणार आहे, तो वाया घालवू नका.

आता खरी अडचण. आपल्या कथेचं शेवटचं पान म्हणजे पाठीमागे दुसऱ्या कथेचं पहिलं पान. तीही विज्ञानकथा असली तर काय? अशा वेळी एका पानाची झेरॉक्स काढायची, आणि मूळ पान चांगल्या कथेला द्यायचं. चांगली कुठली, हे तुम्ही ठरवा. मी हा निवाडा तीनदा केलाय आणि एकदा चुकलेय. झेरॉक्स पान प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कधी ठेवू नका, शाई पानावरून उठून प्लॅस्टिकला चिकटते.

फाटलेल्या जागी सेलोटेप लावणाऱ्याला माझ्या घरात चहा मिळत नाही. पाचसात वर्षांत टेप सुटते आणि डिंकाचा तपकिरी पट्टा अक्षरांवर कायमचा राहतो. पातळ पतंगी कागदाची बोटभर पट्टी, पांढरीच, आणि खळ. त्यातून खालची अक्षरंही वाचता येतात.

खळ

एक चमचा मैदा, सहा चमचे पाणी. आधी गार पाण्यात गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर ढवळत राहा. पांढरी खळ पारदर्शक दिसायला लागली की उतरवा. गाळून घ्या. दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा.

ही बांधणी मला कोर्टाजवळच्या एका बाइंडर चाचांनी शिकवली. त्यांची हयात वकिलांची बुकं आणि व्यापाऱ्यांच्या खतावण्या बांधण्यात गेली. ते खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, टाकायचे, कसर लागू नये म्हणून. मीही टाकते, पण फक्त पुठ्ठा आणि कापड चिकटवायच्या खळीत. तांब्याचा अंश कागदाला बरा नाही, वर्षानुवर्षांत तो कागद जाळतो. शिवाय मोरचूद विषारी आहे, तेव्हा डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. भांडं वेगळं, काचेचं किंवा चिनी मातीचं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मोरचूद घातलात तर पातेल्यावर तांबूस थर चढेल आणि तळाला खड्डे पडतील. रसायनशास्त्राचा हा प्रयोग मी सासूबाईंच्या पातेल्यावर केला, आणि दोन वर्षं तो विषय घरात निघत होता.

शिवण

चाचांची जुजबंदी फार सुंदर असायची. दुमडलेल्या पानांच्या जुजी एकमेकींना ओवत न्यायच्या, म्हणजे पुस्तक सपाट उघडतं. पण आपल्याकडे आहेत सुटी पानं. चाचा म्हणाले, "ताई, सुट्या पानांना पाय लावा, मग ती उभी राहतील." पाय म्हणजे पट्टी. पातळ पण चिवट कागदाची दोन-अडीच सेंटीमीटर रुंद पट्टी प्रत्येक पानाच्या आतल्या कडेला तीन मिलिमीटर चिकटवायची. शिवण या पट्टीतून जाते, म्हणून छापील मजकूर शिवणीत गडप होत नाही. काम कंटाळवाणं आहे, मी रोज रात्री बातम्या लागल्या की वीस पानं करते. पट्टीचा कागद जाड घेतला तर कणा फुगून खंड पाचरीसारखा दिसतो. माझा पहिला खंड तसाच आहे.

सगळी पानं ठोकून एका रेषेत आणा. दीड सेंटीमीटरपेक्षा जाड गठ्ठा नको. काठापासून एक सेंटीमीटरवर पाच खुणा करा. जुन्या पाटावर ठेवून दाभणाने भोकं पाडा, पण एका वेळी तीस-चाळीसच पानं, वरचं एक भोक पडलेलं पान नमुना म्हणून घेऊन. दोरा जाड सुती, खंडाच्या उंचीच्या चौपट, मेणबत्तीवरून दोनदा ओढलेला.

सुई मधल्या भोकातून खालून वर काढा, चार बोटं शेपूट सोडा. मग वर-खाली करत टोकाच्या भोकापर्यंत जा आणि राहिलेल्या जागा भरत परत या. दुसऱ्या बाजूला तसंच. शेवटी मध्यावर शेपटाशी गाठ. दोरा ओढताना पट्टीच्या दिशेने ओढा, वर उचलून ओढलात तर कागद कापतो.

पुठ्ठ्याची एकच गोष्ट सांगते, कारण ती मला फार उशिरा कळली. पुठ्ठ्यालाही लाकडासारखा धागा असतो. दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. एका बाजूने सहज वाकतो, एका बाजूने कुरकुरतो. सहज वाकताना जी घडी पडू पाहते ती कण्याला समांतर ठेवा. उलटं झालं तर खळ वाळल्यावर पुठ्ठा पापडासारखा वळतो. कण्याला खादीची किंवा जुन्या परकराची पट्टी, आतून अस्तराचा कागद, मग दोन फळ्यांमध्ये घालून वर पाटा-वरवंट्यातला पाटा. दोन दिवस हात लावायचा नाही. एवढ्यासाठी तरी पाटा घरात असावा, चटणी आता कोण वाटतं?

अनुक्रमणिका

ही शेवटी करायची, पण जागा आधी सोडायची. कथा, लेखक, अंकाचं नाव, साल, पान, आणि चित्रकाराचं नाव असेल तर तेही. पेन्सिलीने. सालाशिवाय विज्ञानकथेला अर्थ नाही, खिशात मावणारा फोन १९७५ मध्ये लिहिलाय की २००५ मध्ये, यात सगळी मजा आहे. मी शेवटच्या रकान्यात 'झालं', 'अर्धं झालं' आणि 'नशीब, नाही झालं' असं लिहिते. शेजारचा नववीतला मुलगा खंड नेतो तो मुळात हा रकाना वाचायला. परवा त्याने माझ्या दोन 'अर्धं झालं'ची 'झालं' करून आणली, कारणांसहित. एक मी मान्य केलं.

आणि हरवलेल्या पानांसाठी कोऱ्या पट्ट्या शिवून ठेवा. पान कधी सापडलं तर खंड न उसवता त्या पट्टीला चिकटवता येतं. माझ्या पाच कथा अशा अपुऱ्या होत्या. तीन पानं दुसऱ्या प्रतींतून मिळाली, एकाची झेरॉक्स कोल्हापूरच्या एका वाचनालयातून मिळाली, अकरा वर्षांनी. चौथ्या खंडात पान २१२ नंतर एक पट्टी अजून कोरी आहे. पाण्याखालच्या वसाहतीत अडकलेली डॉक्टरीणबाई दाराच्या चक्राला हात घालते, पलीकडून कुणीतरी तीनदा ठोठावतं, आणि 'पुढील मजकूर पान १९६ वर'. अंकाचं मुखपृष्ठ नाही, साल बहुधा १९७८ किंवा ७९. मागच्या पानावर मिक्सरची जाहिरात आहे. मामांकडच्या दुसऱ्या एका फाटक्या प्रतीला मुखपृष्ठ होतं, पण ते पान नव्हतंच. मुखपृष्ठावर पणती घेतलेली बाई आहे, साडी हिरवी.