उभ्याने काम करणाऱ्यांसाठी अँटी-फटीग मॅट घेताना या चुका टाळा

भोसरी-चाकणचे मशीन शॉप असो, हॉटेलचे स्वयंपाकघर असो की रत्नागिरीकडचा मासळी प्रक्रियेचा कारखाना, काँक्रीटवर किंवा फरशीवर पूर्ण पाळी उभे राहणाऱ्यांच्या पायाखाली अँटी-फटीग, म्हणजे थकवा कमी करणारी, मॅट घालण्याची पद्धत आता रुळू लागली आहे. त्याबरोबर एक तक्रारही सगळीकडे ऐकू येते: मॅट आणली, काही महिने बरी वाटली आणि मग ती फुगली, कडक झाली, चेपली किंवा तिचे तुकडे पडू लागले. अशा वेळी दोष मॅटच्या दर्जाला देऊन आपण मोकळे होतो. पण पुष्कळदा मॅट चांगली असते; ती ज्या पदार्थाची बनली आहे तो पदार्थ त्या जागेसाठी नसतो. खरेदीच्या कागदावर ‘काळी रबर मॅट, 3 बाय 2 फूट’ एवढेच लिहिले असेल, तर येणारा माल नशिबावर सोडला आहे असेच समजावे.

अंगठ्याने दाबून केलेली निवड

सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे मऊ ती चांगली असे मानणे. एकाच जागी स्थिर उभे राहिल्याने पोटऱ्यांचे स्नायू आखडतात आणि पायांतील रक्त वर ढकलण्याचे त्यांचे काम मंदावते. मॅट पायाखाली किंचित दबते, त्यामुळे तोल सावरण्यासाठी हे स्नायू सतत बारीक बारीक हालचाल करत राहतात आणि रक्ताभिसरण चालू राहते. मॅटचा उपयोग मुख्यतः एवढाच आहे. त्यासाठी मॅटने दबणे जितके गरजेचे, तितकेच दाब निघताच परत उसळणे गरजेचे असते. फार मऊ मॅटमध्ये टाच रुतते, तळाच्या फरशीला टेकते आणि घोट्यांवर उलट जास्त ताण येतो. दुकानात अंगठ्याने दाबून यातले काहीच कळत नाही. कामाचेच सेफ्टी शूज घालून तिच्यावर दहा-पंधरा मिनिटे उभे राहावे, मग बाजूला होऊन टाचेचा खड्डा किती वेळात भरून येतो ते पाहावे.

लहान मुलांच्या खेळण्यासाठी मिळणारे, एकमेकांत अडकणारे ईव्हीए फोमचे रंगीत चौकोन अनेक दुकानदार काउंटरमागे टाकतात. ते हलके असतात, स्वस्त असतात आणि पाणी पीत नाहीत. पण रोजच्या उभ्या वजनाखाली कमी घनतेचा ईव्हीए कायमचा चेपतो आणि जाडी निघून गेली की मॅट फक्त शोभेपुरती उरते. याउलट व्यायामशाळेसाठीच्या पुनर्वापर रबराच्या जड लाद्या चेपत नाहीत, परंतु त्या डंबेल आपटण्यासाठी बनवलेल्या असल्याने पायाला जवळजवळ फरशीइतक्याच टणक लागतात. साधारण 10 ते 20 मिलिमीटर जाडीचा, बंद छिद्रांचा आणि वरून घट्ट कातडी असलेला फोम, किंवा तेवढ्याच जाडीचे लवचिक रबर, बहुतेक जागांना पुरते. नुसती जाडी विचारू नये, घनता आणि काठिण्यही विचारावे. विक्रेत्याला ती सांगता येत नसेल तर दुसरा विक्रेता पाहावा.

तेल पाहिलेच नाही

मशीन शॉपमधील मॅटची कथा बहुधा तेलापाशी येऊन संपते. नैसर्गिक रबर आणि टायरमध्ये वापरले जाणारे एसबीआर हे कृत्रिम रबर, ही दोन्ही खनिज तेल शोषून फुगतात, लिबलिबीत होतात आणि शेवटी त्यांचे थर सुटू लागतात. पीव्हीसीच्या मॅटचे नेमके उलटे होते: तेल तिला मऊ ठेवणारा प्लॅस्टिसायझर ओढून घेते, त्यामुळे ती आक्रसते, कडांना वळते आणि चिरते. नायट्राइल रबर मात्र खनिज तेलाला, तसेच खाद्यतेलाला आणि प्राणिज चरबीलाही चांगले तोंड देते, म्हणूनच संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनपुढे आणि तळणाच्या शेगडीपुढे तेच घालतात. चांगल्या प्रतीचा पॉलियुरेथेन फोमही तेलाला टिकतो आणि उसळीत तो सरस असतो.

इथे एक युक्तिवाद हमखास केला जातो की आमचे कूलंट, म्हणजे धातू कापताना गार ठेवणारे द्रव, पाण्यात मिसळणारे आहे, त्यात तेल ते कितीसे असणार. पण दुधाळ कूलंटचा शिंतोडा मॅटवर पडला की पाणी उडून जाते आणि तेलाचा अंश मागे राहतो, रोज थोडा थोडा. शिवाय मशीनच्या स्लाइडवर सोडलेले वंगण कूलंटच्या टाकीत तवंग धरून असतेच, आणि ऑपरेटरच्या बुटांबरोबर तेही मॅटवर येते. म्हणून पातळ कूलंटवरून नव्हे, मागे उरणाऱ्या तेलावरून पदार्थ निवडावा.

दुसरी अडचण नावाची आहे. ‘नायट्राइल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मॅटमध्ये नायट्राइलचे प्रमाण किती आणि स्वस्त रबराची भेसळ किती, हे रंगावरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. त्यावर घरचा उपाय आहे. नमुन्यातून साधारण पाच सेंटिमीटरचा चौकोन कापून घ्यावा, काट्यावर त्याचे वजन करावे, व्हर्नियरने जाडी मोजावी आणि टाकीवरचा तेलकट तवंग एका बरणीत घेऊन त्यात तो तुकडा तीन दिवस बुडवून ठेवावा. मग फडक्याने पुसून पुन्हा मोजावे. तुकडा फुगला असेल, बोटाला चिकट लागत असेल किंवा तेल काळे झाले असेल, तर माल परत करावा. ही काही प्रयोगशाळेतील प्रमाणित चाचणी नव्हे, पण पन्नास मॅट घेण्याआधी एवढा खटाटोप कधीच महाग पडत नाही.

नायट्राइल सगळ्याच रसायनांना पुरून उरते, हाही गैरसमज आहे. पेंट शॉपमधील थिनर आणि ॲसिटोन त्याला फुगवतात. तेलकट मॅट स्वच्छ करायची म्हणून तिच्यावर थिनरचे फडके फिरवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय. सौम्य साबणाचे पाणी पुरेसे असते.

पाणी, दमट हवा आणि थंडी

कोकण आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने फरशी धड वाळत नाही. तिथे खुल्या छिद्रांचा फोम घेतला तर तो पाणी पितो, खालून बुरशी धरतो आणि कुबट वास मारू लागतो. पॉलियुरेथेनमध्येही दोन कुळे आहेत: पॉलिएस्टरवर आधारित फोम सततच्या ओलीत आणि उष्णतेत रासायनिकरीत्या विघटित होऊन भुगा होतो, तर पॉलिइथरवर आधारित फोम पाण्याला अधिक टिकतो. मॅट वापरात नसताना गोदामातच चुरा झाली असेल, तर संशय पहिल्या कुळावर घ्यावा.

मासळी प्रक्रियेत बर्फ, गार पाणी, माशाची चरबी आणि निर्जंतुकीकरणासाठीचे क्लोरीनयुक्त पाणी एकाच वेळी पायाखाली असते. थंडीत पीव्हीसी ताठरते, त्यामुळे ती नावापुरतीच अँटी-फटीग राहते. तिथे पाणी निथळू देणारी, भोकांची नायट्राइल मॅट घ्यावी आणि क्लोरीनने धुतल्यावर ती साध्या पाण्याने खंगाळून काढण्याची शिस्त लावावी.

भोके मात्र ओल्या जागीच शोभतात. लेथपुढे भोकांची मॅट टाकली की त्या भोकांत धातूची चिप, म्हणजे कापताना निघणारा कीस, साठते आणि पाळीअखेर झाडणाऱ्याच्या डोक्याला ताप होतो. तिथे सलग पृष्ठभाग हवा, आणि तोही कडक कातडीचा, कारण मऊ ईव्हीएमध्ये चिपची धारदार टोके रुतून बसतात व पुढे मॅट उचलणाऱ्याचा हात कापतात.

ठिणगी आणि वीज

वेल्डिंगची ठिणगी ईव्हीए आणि पीव्हीसीला भोक पाडते. वेल्डिंगसाठी म्हणून स्पष्टपणे विकली जाणारी, ठिणगीला दाद न देणारी रबरची मॅटच घ्यावी. नैसर्गिक रबर तिथेही नको, कारण विजेच्या वेल्डिंगच्या आर्कभोवती तयार होणाऱ्या ओझोनने त्याला बारीक चिरा पडतात.

सर्वांत धोकादायक गोंधळ विजेच्या पॅनेलपुढे होतो. तिथे हवी असते आयएस 15652 या भारतीय मानकानुसार बनलेली, वर्गानुसार व्होल्टेज ठरवून दिलेली इन्सुलेटिंग मॅट. जाड, काळी आणि रबरी दिसते म्हणून अँटी-फटीग मॅट तिची जागा घेऊ शकत नाही. इलेक्ट्रॉनिक्स जोडणीच्या टेबलापुढे गरज अगदी उलट असते. तिथे अंगावरचा स्थिर विद्युतभार हळूहळू जमिनीत उतरवणारी ईएसडी मॅट लागते, आणि तिची अर्थिंगची वायर जोडली नसेल तर ती घेऊनही न घेतल्यासारखीच. या दोन्ही मॅट एकाच गोदामात असतील, तर त्यांवर ठळक खुणा कराव्यात.

मॅटच्या कडा उतरत्या नसतील तर ट्रॉली अडते आणि माणूस अडखळतो, हे वेगळे सांगायला नको. फिकट रंगाच्या विनाइल फरशीवर रबराची मॅट थेट टाकल्यास कायमचा तपकिरी डाग पडू शकतो, हे मात्र फारसे कुणी आधी सांगत नाही.

आणि सगळे जुळवूनही पाय दुखण्याची तक्रार थांबत नसेल, तर पदार्थ बदलत बसू नये. उभ्याने काम करणाऱ्यांना अधूनमधून टेकता यावे म्हणून बसण्याची सोय ठेवण्याची तरतूद 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 44 खाली केलेली होती. मॅटच्या कोटेशनबरोबर चार उंच स्टुलांचेही कोटेशन मागवून पाहावे.